गायींच्या गोठ्यातून आलेल्या बाईंनी कुत्र्यांचे स्वभाव मोजले आणि अंध माणसांना रस्ता मिळाला

रील बघताना गोल्डन रिट्रीव्हरचं एखादं पिल्लू दिसतं. घरात चर्चा सुरू होते, पोरं हट्टाला पेटतात आणि पुढच्या रविवारी अख्खं कुटुंब पिल्लू बघायला हजर होतं. समोर सहा-सात पिल्लं असतात. त्यातलं एक धावत येतं, बुटाची लेस ओढतं, मांडीवर चढतं. झालं. पिल्लानंच आपल्याला निवडलं असं म्हणत सगळे त्याला घेऊन घरी येतात.

सहा महिन्यांनी तेच पिल्लू सोफा फाडतं, आजोबांना जिन्यावरून ओढत नेतं, दिवसभर भुंकून शेजाऱ्यांना वैताग आणतं. मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतो, चांगलं घर मिळालं तर कुत्रा द्यायचा आहे.

आता यात चूक कुणाची? पिल्लाची तर नक्कीच नाही. ते धावत आलं कारण त्या वेतातलं ते सगळ्यात दांडगं पिल्लू होतं. त्याला रोज पळवणारं घर हवं होतं आणि ते गेलं आठव्या मजल्यावरच्या वन बीएचकेत.

लग्नाचं स्थळ बघताना आपण छप्पन्न चौकशा करतो. पिल्लाचं स्थळ बघताना मात्र फक्त रंग आणि डोळे बघतो.

पण काही ठिकाणी ही जोडी चुकून चालत नाही. अंध माणसाला रस्ता दाखवणाऱ्या कुत्र्याचा स्वभाव ओळखण्यात चूक झाली, तर किंमत जीवानं मोजावी लागते. म्हणूनच कुत्र्याचा स्वभाव नीट तपासायचा, त्याच्या नोंदी ठेवायच्या आणि मग तो कोणत्या कामाला, कोणत्या माणसाला द्यायचा हे ठरवायचं, ही पद्धत या क्षेत्रात मुरली. तिच्या सुरुवातीच्या काळातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे डोरोथी हॅरिसन युस्टिस.

अमेरिकेतल्या पहिल्या गाईड डॉग संस्थेच्या संस्थापक म्हणून त्या जगभर ओळखल्या जातात. पण त्यांची सुरुवात कुत्र्यांपासून झाली नव्हती. ती झाली होती गायींपासून.

साखरसम्राटाची मुलगी गोठ्यात

डोरोथी यांचा जन्म ३० मे १८८६ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात झाला. वडील चार्ल्स कस्टिस हॅरिसन साखरेच्या धंद्यातलं मोठं प्रस्थ. पुढं ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्रमुखही झाले. घरात पैसा, प्रतिष्ठा सगळं होतं. मुलीचं शिक्षण फिलाडेल्फियात आणि नंतर इंग्लंडमध्ये झालं.

१९०६ मध्ये त्यांचं लग्न वॉल्टर अ‍ॅबट वूड यांच्याशी झालं. वूड घराण्याचा शेतीच्या अवजारांचा कारखाना होता आणि वॉल्टर न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवरही होते. हूसिक फॉल्स नावाच्या गावात या जोडप्यानं एक प्रयोगशील गोठा चालवला. चांगल्या गायींची निवड करून पिढ्या वाढवल्या, तर दुधाचं उत्पादन वाढतं का, हा त्यांचा प्रयोग.

दूध मोजता येतं. कोणत्या गायीनं किती लिटर दिलं, तिच्या आईनं किती दिलं होतं, तिच्या कालवडीनं किती दिलं, हे सगळं वहीत लिहिता येतं. काही पिढ्यांनी त्या वहीकडं बघून ठरवता येतं की पुढची गाय कोणती ठेवायची. जनावराची पारख दिसण्यावरून नाही, कामावरून करायची, हे डोरोथी इथं शिकल्या.

१९१५ मध्ये वॉल्टर वारले. डोरोथी तेव्हा तिशीच्याही आत होत्या आणि पदरात दोन मुलं होती.

त्या काळात त्यांच्यासोबत हान्स नावाचा जर्मन शेफर्ड होता. त्याची समज आणि निष्ठा बघून डोरोथी यांना प्रश्न पडला. गायींमध्ये दूध वाढवता येतं, तर कुत्र्यांमध्ये अशी हुशारी आणि कामाची ओढ पिढ्यानपिढ्या टिकवता येईल का?

स्वित्झर्लंडच्या डोंगरावर

१९२१ मध्ये डोरोथी स्वित्झर्लंडला गेल्या. जिनिव्हा सरोवराच्या काठावर व्हेव्हे नावाचं शहर आहे. त्याच्या वर माँ पेलेराँ नावाचा डोंगर आहे. तिथं त्यांनी आपलं ठाणं मांडलं आणि त्याला नाव दिलं फॉर्च्युनेट फील्ड्स. १९२३ मध्ये त्यांनी जॉर्ज युस्टिस यांच्याशी दुसरं लग्न केलं. हे लग्न फार काळ टिकलं नाही, पण युस्टिस हे आडनाव त्यांच्यासोबत कायम राहिलं.

त्या काळात जर्मन शेफर्डची हवा होती. ही जात जर्मनीत १८९९ नंतर पद्धतशीरपणे घडवली गेली ती मेंढ्या राखण्यासाठी, कामासाठी. पण पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत रिन टिन टिन नावाचा कुत्रा सिनेमाचा हिरो झाला आणि प्रत्येकाला शेफर्ड हवासा वाटू लागला. मागणी वाढली की काय होतं ते आपल्याला माहितीच आहे. कुत्र्यांच्या स्पर्धांत दिसणं महत्त्वाचं ठरलं, स्वभाव मागं पडला.

फॉर्च्युनेट फील्ड्सचं ध्येय बरोबर याच्या उलट होतं. दिसायला देखणा असेल तर चांगलंच, पण कुत्रा कामाचा हवा.

इथं या गोष्टीत दुसरं महत्त्वाचं पात्र येतं. एलियट हम्फ्री. सगळे त्याला जॅक म्हणायचे. हा घोड्यांमधला जाणकार माणूस, आनुवंशिकता त्यानं स्वतःच्या बळावर शिकलेली. डोरोथी यांनी त्याच्यावर पैदाशीची आणि प्रशिक्षणाची जबाबदारी टाकली.

फॉर्च्युनेट फील्ड्समध्ये तयार झालेले कुत्रे स्विस सैन्याकडं, पोलिसांकडं आणि सीमेवरच्या जकात खात्याकडं जाऊ लागले. पण खरं काम वहीत चाललं होतं.

स्वभाव मोजायचा कसा?

दूध लिटरमध्ये मोजता येतं. पण धीटपणा कशात मोजणार?

हम्फ्री आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वभाव नावाच्या मोठ्या गाठोड्याचे छोटे छोटे भाग केले. कुत्रा आवाजाला किती बिचकतो? अंगाला झालेला स्पर्श, पट्ट्याचा झटका त्याला किती जाणवतो? माणसाचं ऐकायची इच्छा किती आहे? अंगात जोर किती? अनोळखी जागी आत्मविश्वास टिकतो का? अंगावर आलेल्याला तो भिडतो का?

यातल्या दोन गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत, कारण आजच्या पिल्लांच्या चाचण्यांत त्या जशाच्या तशा दिसतात.

पहिली गोष्ट आवाजाची. काही कुत्रे फटाका फुटला की पलंगाखाली जातात आणि दोन तास बाहेर येत नाहीत. काही नुसते कान टवकारतात आणि पुन्हा झोपतात. आवाजाला फार हळवा असलेला कुत्रा गोळीबाराच्या किंवा भर ट्रॅफिकच्या कामाचा नाही. पण म्हणून तो टाकाऊ नाही. शांत घरात हळू आवाजात बोललेलंही त्याला चटकन समजतं.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. काही कुत्र्यांना पट्टा जरा ओढला तरी ते दबून जातात. काहींना कितीही ओढा, त्यांना काही वाटतच नाही. दंगामस्ती करणाऱ्या लहान मुलांच्या घरात दुसऱ्या प्रकारचा कुत्रा मजेत राहतो, कारण शेपटीवर पाय पडला तरी तो मनावर घेत नाही. पण हाच कुत्रा अशक्त हातांच्या आजींना दिला, तर तो त्यांचं कधीच ऐकणार नाही.

प्रत्येक गुणाच्या अशा पायऱ्या ठरल्या. जास्त, मध्यम, कमी. मग प्रत्येक कुत्र्याची नोंद, त्याच्या आईबापाची नोंद, पिल्लांची नोंद. हे सगळं काम हम्फ्री आणि ल्युसियन वॉर्नर यांनी १९३४ मध्ये वर्किंग डॉग्स नावाच्या पुस्तकात मांडलं.

या नोंदींतून सरसकट चांगला किंवा सरसकट वाईट असा कुत्राच उरला नाही. पोलिसाला हवा तो गुण मेंढपाळाला नकोसा होता. मेंढपाळाला हवा तो गुण जकात खात्याच्या कामाचा नव्हता. कुत्रा चांगला आहे का, या प्रश्नाच्या जागी तो कुणासाठी चांगला आहे हा प्रश्न आला.

पॉट्सडॅमला बघितलेली शाळा

पहिल्या महायुद्धात हजारो सैनिकांची दृष्टी गेली. त्यांच्यासाठी जर्मनीत १९१६ मध्ये ओल्डेनबर्गला गाईड डॉगची शाळा निघाली, पुढं इतर शहरांतही निघाल्या. त्यातली एक बर्लिनजवळच्या पॉट्सडॅममध्ये होती.

डोरोथी ती शाळा बघायला गेल्या आणि चकित झाल्या. काठी टेकत, चाचपडत येणारा माणूस कुत्र्याच्या पाठीवरच्या हार्नेसची मूठ धरतो आणि ताठ मानेनं, भराभर चालायला लागतो. आजवर त्यांनी कामाचे अनेक कुत्रे बघितले होते. पण हे काम सगळ्यांपेक्षा वेगळं होतं.

कारण इथं कुत्र्यानं फक्त आज्ञा पाळून चालत नाही. मालकानं पुढं चल म्हटलं आणि समोरून गाडी येत असेल, तर कुत्र्यानं ती आज्ञा मोडायला हवी. म्हणजे कुत्रा ऐकणारा हवा आणि वेळ आली तर न ऐकणाराही हवा. भित्रा असेल तर तो गर्दीत गांगरेल. फार आक्रमक असेल तर रस्त्यात दुसऱ्या कुत्र्यावर धावून जाईल. फार दबणारा असेल तर मालकाला विरोधच करणार नाही.

त्यांनी यावर लेख लिहिला. ५ नोव्हेंबर १९२७ च्या सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट या अमेरिकन साप्ताहिकात तो छापून आला. शीर्षक होतं द सीईंग आय, म्हणजे बघणारा डोळा. हे शब्द बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकातले.

आणि त्या लेखानं एका पोराचं आयुष्य बदललं.

नॅशव्हिलचा मॉरिस फ्रँक

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात मॉरिस फ्रँक नावाचा तरुण राहायचा. वय वर्षं जेमतेम २०. लहानपणी एका अपघातात एक डोळा गेला, सोळाव्या वर्षी बॉक्सिंग करताना दुसरा. कॉलेज करत करत तो विमा विकायचा. पण घराबाहेर पडायचं म्हणजे पगारी पोरगा सोबत घ्यावा लागायचा आणि तो पोरगा कंटाळला की मॉरिसचं सगळं अडायचं.

वडिलांनी त्याला तो लेख वाचून दाखवला. त्यानं लगेच स्वित्झर्लंडला पत्र धाडलं. मला असा कुत्रा मिळवून द्या, मी इथं परत येऊन बाकीच्या अंध लोकांसाठी हे काम सुरू करेन, असा त्या पत्राचा सूर होता.

पत्रं बऱ्याच जणांची आली होती, पण अडचण अशी की फॉर्च्युनेट फील्ड्समध्ये तोवर एकही गाईड डॉग तयार झाला नव्हता. तरी डोरोथी यांनी मॉरिसला बोलावलं. हम्फ्रीनं जर्मन पद्धत शिकून घेतली आणि कुत्रे तयारीला लावले.

१९२८ च्या वसंत ऋतूत मॉरिस बोटीनं निघाला. एकट्या अंध प्रवाशाची जबाबदारी नको म्हणून त्याला जवळपास पार्सलसारखं पाठवलं गेलं. वेळेवर जेवण, वेळेवर फेरफटका आणि बाकी वेळ केबिनमध्ये बंद.

व्हेव्हेला त्याच्या हाती एक शेफर्ड मादी दिली गेली. तिचं नाव होतं किस. मॉरिसला ते नाव चारचौघांत हाक मारायला अवघड वाटलं, म्हणून त्यानं तिला बडी केलं. पुढचे काही आठवडे तो पडला, धडपडला, कठड्यांना आपटला. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की बडीला खेचायचं नसतं, तिच्यावर विसंबायचं असतं.

एके दिवशी त्याला केस कापायचे होते. सवयीनं तो कुणीतरी सलूनमध्ये न्यायची वाट बघत बसणार होता. पण आता बडी होती. तो तिच्यासोबत एकटा गेला आणि केस कापून एकटा परत आला. आपल्याला यात काय विशेष वाटणार? पण दृष्टी गेल्यापासून हे त्यानं पहिल्यांदाच केलं होतं.

जून १९२८ मध्ये दोघं न्यूयॉर्कला उतरले. पत्रकार जमले होते आणि कुत्र्यावर कुणाचा विश्वास नव्हता. त्यांनी मॉरिसला वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखवायला सांगितलं. गोदीजवळचा हा अतिशय रुंद आणि वर्दळीचा रस्ता. ट्रक, घोडागाड्या, टॅक्सी सगळं एकत्र. बडी थांबली, मागं सरली, पुन्हा पुढं झाली आणि मॉरिसला पलीकडं घेऊन गेली. मॉरिसनं डोरोथी यांना यशाची तार केली.

कुत्रा निवडायचा नाही, जुळवायचा

२९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिलमध्ये द सीईंग आय ही संस्था उभी राहिली. पुढं तिनं न्यू जर्सीत बस्तान हलवलं. तिकडं स्वित्झर्लंडमध्येही डोरोथी यांनी प्रशिक्षक तयार करण्यासाठी याच अर्थाच्या फ्रेंच नावाची संस्था काढली. अमेरिकेतल्या संस्थेच्या त्या १९४० पर्यंत अध्यक्ष होत्या आणि आपला बराच पैसाही त्यांनी या कामात ओतला.

या संस्थेत आलेल्या माणसापुढं कुत्र्यांची रांग लावून आवडेल तो घ्या असं म्हणत नाहीत. आधी प्रशिक्षक माणसाला वाचतो. तो किती वेगानं चालतो? उंची, ताकद किती? शहरात राहतो की गावात? ऑफिसात बसतो की दिवसभर फिरतो? आवाज मोठा आहे की हळू? पटकन चिडतो की शांत असतो?

त्यासाठी एक गमतीशीर युक्ती वापरतात. प्रशिक्षक स्वतः हार्नेसचं एक टोक धरून कुत्रा होतो आणि अंध माणूस दुसरं टोक धरून त्याच्यामागं चालतो. माणसाला किती ओढ झेपते, तो आज्ञा कशी देतो, हे प्रशिक्षकाला हातातूनच कळतं. या फेरीला जुनो म्हणतात.

मग कुत्र्यांच्या नोंदी काढल्या जातात. भरभर चालणाऱ्या तरुणाला ताकदीचा कुत्रा, हळू चालणाऱ्या वयस्कर बाईंना शांत कुत्रा. आपल्याकडं पत्रिका जुळवतात, तसं इथं चाल, ताकद आणि मिजास जुळवतात. जोडी जमली की साधारण चार आठवडे दोघांचं एकत्र प्रशिक्षण होतं.

कुत्र्यापोटी थोडे पैसेही घेतले जातात. १९३४ मध्ये पहिल्या कुत्र्यासाठी १५० डॉलर ही रक्कम ठरली आणि पुढची कित्येक दशकं ती बदलली नाही. खर्चाच्या मानानं ती काहीच नव्हती. पण आपला कुत्रा आपण विकत घेतलाय, कुणी दान दिलेला नाही, ही भावना माणसाकडं राहावी असा त्यामागचा विचार होता.

१९४२ मध्ये एक नवी गोष्ट सुरू झाली. न्यू जर्सीतल्या फोर-एच या ग्रामीण मुलांच्या क्लबमधल्या पोरांकडं पिल्लं सांभाळायला दिली जाऊ लागली. पिल्लू वर्षभर घरात राहणार, मुलांसोबत खेळणार, गाड्या बघणार, पाहुणे बघणार आणि मगच प्रशिक्षणाला जाणार. कारण गाईड डॉगला माणसांच्या जगात वावरायचं असतं आणि ते जग पिंजऱ्यात बसून कळत नाही.

डोरोथी युस्टिस ८ सप्टेंबर १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारल्या. वय होतं ६०. बडी त्यांच्या आधीच, १९३८ मध्ये गेली होती. मॉरिसनं पुढच्या प्रत्येक कुत्र्याला बडी हेच नाव दिलं.

२०११ मध्ये डोरोथी यांचा समावेश अमेरिकेच्या नॅशनल विमेन्स हॉल ऑफ फेममध्ये झाला.

पिल्लाचे पाय पाळण्यात दिसतात का?

आता मुद्द्याचा प्रश्न. हा सगळा स्वभाव लहानपणीच ओळखता येतो का?

कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या एका गाईड डॉग संस्थेत क्लॅरेन्स फाफेनबर्गर यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. १९४० च्या दशकात तिथं प्रशिक्षणात नापास होणाऱ्या कुत्र्यांचं प्रमाण फार मोठं होतं. त्यांनी संशोधक जॉन पॉल स्कॉट यांच्या मदतीनं पिल्लांच्या चाचण्या सुरू केल्या. पिल्लू माणसाकडं येतं का, फेकलेली वस्तू आणून देतं का, नव्या वस्तूला घाबरतं का, असं बरंच काही ते तपासायचे.

त्यात एक धक्कादायक गोष्ट बाहेर आली. चाचणी पास झालेली पिल्लं साधारण १२ आठवड्यांची असताना आठवड्याभरात एखाद्या कुटुंबात गेली, तर त्यातली सुमारे ९० टक्के पुढं गाईड डॉग झाली. पण तीच पास झालेली पिल्लं तीन आठवड्यांहून जास्त काळ केनेलमध्येच राहिली, तर प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर आलं.

पिल्लं तशीच, मार्कही तसेच. फरक फक्त घर मिळायला लागलेल्या दिवसांचा.

यातूनच पुढं सामान्य कुटुंबांसाठी पिल्लांच्या चाचण्या आल्या. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध चाचणी अमेरिकेतल्या व्होलहार्ड दांपत्याची. पिल्लू सात आठवड्यांचं, म्हणजे ४९ दिवसांचं झालं की अनोळखी माणसानं, अनोळखी जागी ती घ्यायची. हाक मारल्यावर येतं का, मागं चालतं का, उताणं धरलं तर किती वळवळतं, कागदाचा बोळा फेकला तर आणतं का, बोटांमधली कातडी हळूच दाबली तर किती वेळानं पाय ओढून घेतं, भांडं आपटल्यावर काय करतं? शेवटचे दोन प्रश्न ओळखीचे वाटले का? स्पर्श आणि आवाज. फॉर्च्युनेट फील्ड्सच्या वहीतलेच ते प्रश्न.

पण इथं एक सावधगिरी हवी. स्वीडनमध्ये जर्मन शेफर्डच्या ६३० पिल्लांची आठव्या आठवड्यात चाचणी घेऊन ती मोठी झाल्यावर पुन्हा तपासली गेली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लहानपणीच्या चाचणीवरून मोठेपणीची कामाची लायकी सांगता येत नाही, असंच दिसलं. पिल्लू त्या दिवशी झोपेत असेल, भुकेलं असेल, प्रवासानं थकलेलं असेल. शिवाय पुढचे कितीतरी महिने त्याचा स्वभाव घडतच असतो.

म्हणजे पिल्लाचे पाय पाळण्यात दिसतात, पण अर्धेच. उरलेले अर्धे पाळणा हलवणाऱ्या हातावर असतात.

मग आपण काय करायचं?

चाचणीचा उपयोग भविष्य सांगण्यापेक्षा ढोबळ चूक टाळण्यासाठी करायचा.

पिल्लू एकदाच बघून ठरवू नका. दोन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी जा. शक्य असेल तर त्याच्या आईला बघा. आई अनोळखी माणसाला बघून थरथरत असेल किंवा अंगावर येत असेल, तर तो भाग पिल्लांतही येऊ शकतो. जो माणूस ती पिल्लं रोज सांभाळतो त्याला विचारा, कारण तुमच्या दहा मिनिटांपेक्षा त्याच्या आठ आठवड्यांना जास्त किंमत आहे.

स्टीलचं ताट थोड्या अंतरावर पाडून बघा. पिल्लू दचकलं तर चालतं. दचकून पुन्हा सावरतं का आणि ताटाचा वास घ्यायला येतं का, हे बघायचं. आपल्याकडं दिवाळी आणि गणपती दोन्ही असल्यानं हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे.

सगळ्यात आधी अंगावर येणारं पिल्लू तालमीत जाणाऱ्या, रोज पळणाऱ्या घरासाठी चांगलं. जरा थांबून, बघून, मग जवळ येणारं पिल्लू बहुतेक कुटुंबांना झेपतं. कोपऱ्यात बसलेलं बुजरं पिल्लू फक्त दया आली म्हणून घेऊ नका. घरी शांतता, वेळ आणि धीर असेल तर मात्र जरूर घ्या, ते खुलतं. देशी पिल्लू दत्तक घेणार असाल, तरी हेच सगळं लागू होतं.

आणि हो, भारतात २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पाच आठवड्यांचं पिल्लू कुणी हातात देत असेल तर तिथूनच परत फिरा. आई आणि भावंडांसोबतच्या त्या दिवसांत पिल्लू चावा किती जोरात घ्यायचा हेही शिकत असतं.

पण पहिली चाचणी पिल्लाची नाही, आपली घ्यायची. घरात दिवसभर कोण असतं? रोज सकाळी सहा वाजता पावसात खाली कोण नेणार? आईच्या गुडघ्यांना पट्ट्याची ओढ झेपेल का? नोकरी बदलली, बदली झाली तर काय? सीईंग आयमध्ये कुत्र्याच्या आधी माणसाची चाल बघतात, ते याचसाठी.

डोरोथी यांच्या वहीत जो कुत्रा पोलिसाच्या कामाला नापास व्हायचा, तो दुसऱ्या कुणासाठी अगदी बरोबर ठरू शकायचा. ग्रुपवर चांगलं घर हवं म्हणून ज्या कुत्र्याचा फोटो फिरतोय, त्याच्याबद्दलही हेच असण्याची शक्यता आहे. त्याला घेण्याआधी फोन करून एवढंच विचारा की तो दिवसभर काय करतो, कशाला घाबरतो आणि कुणाजवळ शांत बसतो.